भरवस्तीतले घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, ही म्हण ज्या काळी रूढ झाली त्या काळी घर बांधणारा मनुष्य आधी जमीन मिळवी, मग पाया खणी आणि शेवटी भिंती उभारी. हा सारा क्रम त्याच्या डोळ्यांदेखत पार पडे. शहरातला आजचा गृहस्थ घर बांधीत नाही. तो ते विकत घेतो, आणि तेही जमिनीपासून चाळीस-पन्नास हात, क्वचित दोन-तीनशे हात उंचावर. मुंबईकर ज्याला पूर्वी ब्लॉक म्हणत, आज फ्लॅट म्हणतात आणि कायदा ज्याला सदनिका म्हणतो, ती वस्तू म्हणजे अधांतरी आखलेली चार भिंतींची चौकट होय. या चौकटीपायी मध्यमवर्गीय माणूस आयुष्याची पुंजी ओततो आणि पुढची पंधरा-वीस वर्षे कर्जाचे हप्ते फेडतो. एवढे मोल देऊन तो नेमके काय विकत घेतो, हा प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखा आहे. हे घर शहराच्या मध्यभागी, गजबजलेल्या जुन्या वस्तीत असेल, तर त्याचे उत्तर वाटते तितके सोपे राहत नाही.

उदाहरणादाखल मुंबईचे गिरगाव घ्यावे. चर्नी रोड स्टेशनच्या पूर्वेस ठाकुरद्वार, मुगभाट, फणसवाडी, खोताची वाडी अशी ही दाट वस्ती पसरली आहे. पलीकडे चौपाटी, अलीकडे मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह, मध्ये शाळा, देवळे, दवाखाने, भाजीचे गाडे, फुलवाले, वाणी आणि पुस्तकांची दुकाने. घरातून चपला घालून निघालेल्या माणसाला दहा मिनिटांच्या पायी वाटेत हवे ते सारे मिळते. १८९३ साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव याच भागातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात आरेपासून कफ परेडपर्यंतची भुयारी मेट्रो पूर्णपणे सुरू झाली, आणि तिच्या मार्गावरची काळबादेवी व गिरगाव ही स्थानके या वस्तीच्या पोटात आली. अशा ठिकाणी घर असावे असे कोणाला वाटणार नाही?

आता हिशेब पाहावा. ज्या रकमेत येथे दोन लहान खोल्या मिळतात, त्याच रकमेत लांबच्या उपनगरात प्रशस्त घर मिळते. विटा, सिमेंट आणि लोखंड यांचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच. वरची रक्कम जाते ती जागेपायी. ही जागा काय वाचवते, तेही मोजता येते. उपनगरातल्या घरापासून कचेरीपर्यंत दीड तास लागत असेल, तर जाण्यायेण्याचे दिवसाचे तीन तास होतात. वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले, तर हे नऊशे तास, म्हणजे दिवसरात्र मिळून सदतीस दिवसांहून अधिक होतात. दर वर्षी महिन्याहून अधिक काळ आगगाडीच्या दांडीला लोंबकळत काढायचा की तो मुलाबाळांत घालवायचा, असा हा सवाल आहे. तेव्हा भरवस्तीतल्या घराला अधिक मोल देणारा गृहस्थ वेडा नव्हे. मात्र ज्या वस्तूसाठी तो हे मोल देतो, तिचा उल्लेख खरेदीच्या कागदावर फारसा कोठे आढळत नाही. कागदावर खोल्यांचे क्षेत्रफळ असते, फरश्यांचा प्रकार असतो, नळांच्या तोट्यांचे वर्णन असते. खाली असलेली जमीन आणि भोवताली असलेला शेजार या दोन गोष्टी त्याला स्वतःच शोधाव्या लागतात.

जमिनीची गोष्ट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्या यांच्या ओढीने मुंबईत माणसे येत गेली, तशा या भागातल्या वाड्यांत चाळी उठल्या. १८९६ साली प्लेग आला, आणि या दाटीची भीषणता साऱ्यांच्या ध्यानात आली. १८९८ साली शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने जुन्या वस्तीतून रुंद रस्ते काढले आणि दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहतींची आखणी केली. गिरगावच्या वाड्या मात्र पुष्कळशा तशाच राहिल्या. पुढे महायुद्धाच्या काळात घरटंचाई झाली, आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर रोखून धरली. भाडेकरूला आसरा मिळाला. पण भाडे इतके अल्प राहिले की दुरुस्ती करण्यात मालकाला स्वारस्य उरले नाही. वासे कुजले, गॅलऱ्या कलल्या. तेव्हा १९६९ साली शासनाने कायदा करून दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापले, आणि जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर बसवला. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या आणि हा उपकर भरणाऱ्या या इमारती आजही उपकरप्राप्त इमारती म्हणून ओळखल्या जातात.

या इतिहासामुळे अशा वस्तीत विक्रीला येणारे घर तीन प्रकारचे असते, आणि तिन्ही प्रकारांत विकत मिळणारी वस्तू निरनिराळी असते.

पहिला प्रकार पागडीच्या खोलीचा. येथे खोली विकत घेतली असे बोलण्याची रीत आहे. वस्तुतः विकत मिळते ते भाडेकरूपण. इमारत व जमीन मालकाचीच राहते. नवा माणूस जुन्या भाडेकरूच्या जागी येतो, त्यासाठी मालकाची संमती घेतो आणि ठरलेल्या रकमेतला काही भाग त्यालाही देतो. जो व्यवहार अर्धशतकभर पडद्याआड चाले, त्याला ३१ मार्च २०००पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने उजेडात आणले. अशी रक्कम घेणे त्या कायद्याने गुन्हा राहिला नाही. म्हणून मालकाची लेखी संमती आणि नव्या माणसाच्या नावाची भाडेपावती, हे दोन कागद हाती आल्यावाचून रक्कम देणे हे धाडसच होय.

पागडीची खोली पुष्कळदा घेतली जाते ती पुनर्विकासाच्या आशेने. उपकरप्राप्त इमारत पाडून नवी उभारली गेली, तर निवासी भाडेकरूला नियमानुसार किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते. दहा बाय बाराच्या, म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांनी जन्म काढला, त्यांना हा लाभ लहान नव्हे. पण या आशेच्या पोटात दोन गोष्टी दडलेल्या असतात. इमारत केव्हा उभी राहील हे कोणी निश्चित सांगू शकत नाही, आणि संक्रमण शिबिरात माणसांची वर्षेच्या वर्षे निघून जातात, ही पहिली. दुसरी अशी की नव्या उंच इमारतीत उद्वाहक, पंप, रखवालदार, दिवे यांचा खर्च दरमहा येतो. ज्या वृद्ध जोडप्याने आयुष्यभर नाममात्र भाडे भरले, त्याला तो पेलत नाही. घर मालकीचे होते आणि त्याच घरात राहणे परवडेनासे होते, असा विचित्र प्रसंग ओढवतो.

दुसरा प्रकार जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या घराचा. येथे विकणारा संस्थेचा सभासद असतो. त्याच्याजवळ भागदाखला असतो, आणि त्या दाखल्याबरोबर त्या घराचा हक्क जातो. दाखल्यावर नाव कोणाचे आहे, वारसांचा काही तंटा आहे काय, बँकेचा बोजा आहे काय, संस्थेची थकबाकी आहे काय, हे पाहणे ओघानेच आले. महानगरपालिकेच्या हद्दीत संस्थेला हस्तांतरणापोटी जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतात, एवढेही ठाऊक असलेले बरे. परंतु या साऱ्याहून महत्त्वाचा प्रश्न बहुतेक खरेदीदार विचारीतच नाहीत. तो प्रश्न असा, की या इमारतीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते उघड आहे. इमारतीला वय असते. साठ-सत्तर वर्षांनी ती थकते आणि एके दिवशी पाडावी लागते. त्या दिवशी भिंती जातात, फरश्या जातात, हौसेने बसवलेली कपाटेही जातात, आणि जमीन तेवढी उरते. भरवस्तीत ज्या जागेपायी वरची रक्कम मोजली, ती जागा म्हणजे ही जमीनच. ती संस्थेच्या नावावर असेल, तर नवी इमारत कशी उभारावी हे सभासद बरोबरीच्या नात्याने ठरवू शकतात. ती बांधकाम करणाराच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर राहून गेली असेल, तर त्यांना त्याच्या दारात उभे राहावे लागते.

१९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्याचा रोख याच दोषावर होता. संस्था नोंदल्यानंतर विकासकाने जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण संस्थेला करून द्यावे, असे बंधन त्या कायद्याने घातले, आणि दुसरी मुदत ठरलेली नसेल तर नियमांनी त्यासाठी चार महिन्यांची मुदत दिली. हे बंधन असंख्य ठिकाणी पाळले गेले नाही. शेवटी २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची वाट काढली. विकासक टाळाटाळ करीत असेल, तर संस्था सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करते. तो सुनावणी घेऊन प्रमाणपत्र देतो, आणि विकासकाच्या सहीवाचून हस्तांतरण नोंदले जाते. ज्या संस्थांनी हे काम पुरे करून घेतले आहे, त्यांच्या मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव लागते. घर पाहायला जाणाऱ्याने दिवाणखान्याची खिडकी पाहण्याआधी ही पत्रिका पाहावी. एका पानाचा तो कागद, पण घराचे पुढचे पन्नास वर्षांचे भवितव्य त्यावर लिहिलेले असते.

तिसरा प्रकार नव्या इमारतीतल्या घराचा. येथे संसदेने २०१६ साली केलेला स्थावर संपदा कायदा उपयोगी पडतो. १ मे २०१७ पासून तो पूर्णपणे अमलात आला. हा कायदा संसदेचा असल्यामुळे इंदूर, बडोदे, नागपूर किंवा बेळगाव येथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबालाही त्याचा आधार आहे. नोंदणीकृत करारावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. एक कोटीच्या घरापोटी करारापूर्वी दहा लाखांहून अधिक मागणारा मनुष्य कायदा मोडीत असतो. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम त्याच प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात रचनेचा दोष निघाला, तर तो विकासकाने विनामूल्य दूर करावा लागतो. घराचे माप चटई क्षेत्राने द्यावे लागते. त्यात आतल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, सज्जा आणि गच्ची धरीत नाहीत. जिना आणि उद्वाहकाची जागा प्रत्येकाच्या क्षेत्रफळात मिसळून मोठा आकडा सांगण्याची जुनी युक्ती त्यामुळे पुष्कळशी निष्प्रभ झाली.

पण भरवस्तीत घर घेणाराने या कायद्यातली एक फट ध्यानात ठेवली पाहिजे. विकसित करायची जमीन ५०० चौरस मीटरांहून अधिक नसेल, किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर अशा प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. जुन्या वस्तीतले भूखंड पुष्कळदा एवढेच चिमुकले असतात. तेथे खरेदीदाराला स्वतःच्या सावधगिरीवरच विसंबावे लागते. शिवाय मोटार उभी करण्याच्या उघड्या जागेचे स्वतंत्र पैसे मागितले गेले, तर इमारतीची उघडी जागा विकासकाला सदनिकेसारखी वेगळी विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच दिलेला आहे.

येथपर्यंत झाली ती जमिनीची आणि कागदांची कथा. आता शेजाराकडे वळावे. तो कोणत्याही निबंधकाच्या कचेरीत नोंदलेला नसतो.

शेजार पारखायचा तर घर एकदाच पाहून भागत नाही. दलाल दुपारी अकराच्या सुमारास घर दाखवतो, कारण तेव्हा गल्ली सर्वांत शांत असते. शहाण्याने त्याच गल्लीत पहाटे पाणी येण्याच्या वेळी जावे, शाळा सुटताना जावे, रात्री दहानंतर जावे, आणि शक्य असेल तर मुसळधार पावसाच्या दिवशी व एखाद्या सणाच्या संध्याकाळीही जावे. त्याला ती वस्ती तिच्या खऱ्या आवाजात ऐकू येईल. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आखून दिली आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला मनाई आहे. सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट राज्य शासन देऊ शकते. हा नियम पाळला जावा असा आग्रह धरण्याचा अधिकार प्रत्येक रहिवाशाला आहे. पण नियमांच्या आतही भरवस्ती ही भरवस्तीच राहते. देवळातली घंटा, फेरीवाल्याची आरोळी, मुलांचे क्रिकेट आणि पाडव्याच्या शोभायात्रेतले ढोल यांच्याविषयी ज्याला तिटकारा आहे, त्याने दुसरीकडे घर पाहावे हेच त्याच्या आणि वस्तीच्या हिताचे. वस्ती जिवंत आहे म्हणून अधिक पैसे मोजायचे, आणि ताबा मिळताच त्या जिवंतपणाविरुद्ध अर्ज लिहायला बसायचे, यात कसली संगती?

याचा अर्थ जुन्या चाळीचे पोवाडे गावेत असा नव्हे. सामाईक शौचकूपांपुढच्या रांगा, पहाटे तीनला पाण्यासाठी उठणाऱ्या बायका, बाळंतिणीला किंवा आजाऱ्याला न मिळणारा आडोसा, हे सारे त्या प्रेमळ शेजाराच्याच पोटात होते. तो शेजार कोणी हौसेने पत्करला नव्हता. गॅलरी एक, नळ एक आणि जिना एक असल्यामुळे माणसे एकमेकांना टाळूच शकत नव्हती. स्वतंत्र न्हाणीघर आणि बंद होणारे दार मिळाल्यावर माणूस ते बंद करणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही. प्रश्न एवढाच आहे, की सक्तीमुळे जो शेजार आपोआप घडत होता, तो सक्ती सरल्यावर कोण घडवणार?

या प्रश्नाचे एक उत्तर गिरगावच्याच शेजारी, गावदेवीत, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मिळालेले आहे. १९१५ साली तेथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिचे प्रवर्तक. भारतातल्या सहकारी गृहनिर्माणाचा इतिहास या संस्थेपासून सांगितला जातो. तेथे माणसे आधी एकत्र आली, त्यांनी नियम ठरवले, भांडवल जमवले, आणि मग इमारती उभ्या राहिल्या. ती संस्था एका विशिष्ट समाजापुरती होती, हे तिचे बंधन खरे. पण शेजारी आधी आणि घर नंतर हा क्रम तिने घालून दिला. आज तो उलटला आहे. विकासक घरे बांधतो, निरनिराळ्या गावांची, भाषांची आणि मिळकतींची माणसे ती घेतात, आणि मग कायद्याच्या गरजेपोटी त्यांची संस्था नोंदली जाते. तळमजल्यावरच्या मजल्यांत जुने भाडेकरू, वरच्या मजल्यांत नवे खरेदीदार, आणि दोघांचे उद्वाहकही कधी कधी निराळे, असे दृश्य पुनर्विकसित इमारतींतून दिसते. ज्या वस्तीच्या नावावर वरची घरे विकली गेली, ती वस्ती खालच्या मजल्यांवर राहत असते, हे वरच्यांनी विसरू नये.

आणि येथे खरेदीदाराचा स्वार्थही गुंतलेला आहे. वाढत्या खर्चाने जुनी कुटुंबे डोंबिवली-विरारला निघून गेली, कोपऱ्यावरचा वाणी उठला, गणपतीचा मांडव घालायला हात उरले नाहीत, तर मोठी रक्कम मोजून घेतलेली जागा नकाशावर राहील, आणि तिच्यातले जे हवेहवेसे वाटले होते ते गेलेले असेल. म्हणून संस्थेच्या वार्षिक सभेला जाणे, देखभालीचा खर्च काटकसरीचा ठेवणे, वृद्ध सभासदाच्या थकबाकीचा विचार माणुसकीने करणे, अभिहस्तांतरणाचे रेंगाळलेले काम अंगावर घेणे, खालच्या वाण्याकडून सामान आणणे, या साध्या गोष्टी म्हणजे परोपकार नव्हेत. घराची किंमत राखण्याचेच ते मार्ग आहेत.

भरवस्तीत घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाने म्हणून दोन याद्या कराव्यात. एका यादीत मिळकत पत्रिका, भागदाखला किंवा भाडेपावती, भोगवटा प्रमाणपत्र, नोंदणीकृत करार आणि चटई क्षेत्र लिहावे, आणि जाणत्या वकिलाकडून ती तपासून घ्यावी. दुसऱ्या यादीत जिन्यावर भेटणाऱ्या माणसांची नावे लिहावीत. पहिली यादी खरेदीच्या दिवशी पुरी झालीच पाहिजे. दुसरी त्या दिवशी कोरीच असते. ती भरण्यासाठी त्या घरात राहावे लागते, आणि दाराची कडी थोडी सैल ठेवावी लागते.